ड्रायसूटचं माप छातीवरून ठरत नाही

प्रश्न : मी मूळची कुडाळची. तारकर्लीला स्कूबा शिकले, तिथे तीन मिलिमीटर जाडीच्या सूटवर आरामात उतरायचे. दोन वर्षांपासून नोकरीसाठी एडिनबरात आहे आणि इथल्या समुद्रात डाइव्ह करायची फार इच्छा आहे. उंची 154 सेंमी, वजन 66 किलो, कंबरेखाली रुंद, नितंबांचा घेर 106 सेंमी. भाड्याने पुरुषांचा मीडियम ड्रायसूट, म्हणजे पाणी अजिबात आत न येऊ देणारा सूट, मिळाला. आठ मीटरवर पाय वर गेले आणि मी उलटी झाले, प्रशिक्षकांनी धरलं म्हणून निभावलं. डावं मनगट कोपरापर्यंत ओलं झालं, आणि गळ्याच्या सीलमुळे (पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी पट्टीमुळे) किनाऱ्यावरच डोकं हलकं वाटत होतं. त्याआधी ऑनलाइन घेतलेल्या सात मिलिमीटरच्या सेमीड्रायमध्ये, म्हणजे थोडंच पाणी आत येऊ देणाऱ्या सूटमध्ये, पाठीतून सारखं पाणी फिरतं. मी मोठी साइज घेऊ, लहान घेऊ, की मापाचा शिवून घेऊ? आणि मंगळसूत्र, बांगड्या सीलखाली चालतात का?

उत्तर :

ताई, पाय वर जाणं, मनगटातून पाणी येणं आणि डोकं हलकं होणं या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत. साइज लहान-मोठी करून त्यातली एकही पूर्ण सुटणार नाही. त्यातली गळ्याची तक्रार सगळ्यांत गंभीर, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि तिथे रक्तदाबाची नोंद घेणाऱ्या नसा असतात. सील तिथे आवळलं की शरीराला वाटतं रक्तदाब वाढला आहे. मग हृदयाची गती मंदावते, दाब उतरतो आणि भोवळ येते. किनाऱ्यावर डोकं हलकं झालं असेल, तर तो सूट त्या क्षणी उतरवायचा. ‘पाण्यात गेल्यावर बरं वाटेल’ असं कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. भाड्याच्या सूटचं सील तुम्हाला कापता येत नाही, त्यामुळे दुसरा सूट मागणं हाच मार्ग. स्वतःच्या सूटचं लेटेक्स सील मात्र कापून मापाचं करायचंच असतं, कारखान्यातून ते मुद्दाम अरुंद येतं. त्यावर गोल रेघा असतात. धारदार लांब पात्याची कात्री घ्यायची, सील कोणाला तरी ताणून धरायला लावायचं आणि एका वेळी एकच कडी सलग, न थांबता कापायची. कडेला बारीकसाही खाच राहिला तर पुढच्या वेळी डोक्यातून काढताना सील तिथूनच फाटतं. एक कडी कापली की घालायचं, पाच मिनिटं बसायचं, मान फिरवायची, गिळून बघायचं. सील त्वचेला सगळीकडून टेकलेलं हवं, पण चेहरा लाल होता कामा नये आणि गिळताना अडता कामा नये. जास्त कापलेलं सील परत जोडता येत नाही, म्हणून घाई नको. निओप्रीनचं (बारीक बुडबुडे असलेल्या फोमसारख्या रबराचं) सील असेल तर ते कापत नाहीत. मानेपेक्षा किंचित जाड भांड्यावर रात्रभर ताणून ठेवतात, आणि घालताना त्याची कड आत दुमडतात. लेटेक्सने अंगाला खाज किंवा चट्टे येत असतील तर सिलिकॉन सील घ्या. सिलिकॉन सुटाला चिकटत नाही, ते कडीच्या जोडणीवर बसवावं लागतं. त्यामुळे सूट घेतानाच ती जोडणी आहे का ते विचारा.

आता पाय वर जाण्याचं. पुरुषांचा मीडियम सूट साधारण पावणेसहा फूट उंचीच्या, रुंद खांद्यांच्या आणि अरुंद कंबरेच्या माणसासाठी कापलेला असतो. तो तुमच्या नितंबांवर बसला म्हणून तुम्हाला दिला गेला, पण लांबीत तो तुमच्यापेक्षा वीतभर जास्त होता. ते जादा कापड पोटरीभोवती आणि घोट्याशी गोळा होतं. आसन खाली लोंबतं, म्हणजे पायजम्याचं आसन खाली आल्यावर जसं पाऊल उचलत नाही तसंच इथे फिन (पावलांना लावायची वल्ही) मारताना होतं. तुम्ही आडव्या झालात की सुटातली हवा उंच जागा शोधते. पाय जरा वर गेले की ती त्या मोकळ्या कापडात शिरते आणि पाय आणखी वर ओढते. हवा सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर असतो. उलट्या अवस्थेत तो हवेच्या खाली राहतो, त्यामुळे कितीही उघडला तरी हवा सुटत नाही. त्यात वर सरकलं की हवा फुगते. दहा मीटरवरची एक लिटर हवा पृष्ठभागावर दोन लिटर होते. शिवाय सैल बुटातून पाऊल निसटतं, फिन जाते आणि पाय मारून सरळ होण्याचं साधनही हातून जातं. तुमच्या प्रशिक्षकांनी धरलं ते योग्यच केलं. गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हायचं, कोलांटी घेऊन डोकं वर आणायचं आणि मग डावं कोपर उंच करून हवा सोडायची, ही कृती तरणतलावात दहा वेळा केल्याशिवाय समुद्रात जाऊ नका. घोट्याला अर्धा-अर्धा किलोची वजनं बांधा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. पोटरीवर गुंडाळायचे पट्टेही मिळतात. भाड्याच्या सुटापुरते पट्टे बरे, कारण ते जादा कापड दाबून हवेची जागाच कमी करतात. पण स्वतःचा सूट घेऊन त्याला रोज पट्टे बांधावे लागत असतील, तर तो सूट चुकीचा आहे.

म्हणजे मापात सगळ्यांत महत्त्वाचं काय? छाती नव्हे, उंचीही नव्हे. धडाचा वेढा. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध टेप धरायची, पुढून छातीवरून खाली, पायांच्या मधून मागे आणि पाठीवरून परत त्याच बिंदूपर्यंत आणायची. सारख्याच उंचीच्या दोघींमध्येही या मापात खूप फरक असू शकतो, कारण एकीची उंची पायांत असते, दुसरीची धडात. वेढा कमी पडला तर सूट खांद्यावर आणि जांघेत ओढतो, वाकता येत नाही, हात डोक्यावर जात नाही. जास्त झाला तर आसन लोंबतं. त्यानंतर नितंबांचा सर्वांत रुंद घेर, मांडी, पोटरी, पायाची आतली लांबी, दंड, मान, मनगट, डोक्याचा घेर. तुमच्या बांध्यात मांडीचं माप चुकण्याची शक्यता फार असते, कारण नितंब बसले की मांडीही बसेल असं लोक गृहीत धरतात. ही मापं स्वतःची स्वतः घेऊ नका. वाकून टेप बघितली की धडाचं माप दोन-तीन सेंटिमीटरने हमखास बदलतं. दुसऱ्या कोणाकडून, सरळ उभं राहून, प्रत्येक माप दोनदा घ्या. माप उघड्या अंगावर हवं की अंडरसूटवर, हे बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं. तिथे गफलत झाली तर सगळा सूट वाया जातो.

यावरून मुख्य गोष्टीकडे येतो. आधी अंडरसूट (आत घालायचा उबदार सूट) ठरवा, मग ड्रायसूट. बहुतेक लोक उलट करतात आणि थंडीत कुडकुडतात. पातळ कापडाच्या ड्रायसूटला स्वतःची ऊब नसतेच. ते नायलॉन, ब्युटाइल रबर आणि पॉलिएस्टर अशा तीन थरांचं कापड असतं आणि त्याचं काम फक्त पाणी बाहेर ठेवणं. ऊब राहते ती अंडरसूटच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. वरचा सूट तंग असेल तर अंडरसूट दबतो, हवा पिळून निघते आणि महागातला अंडरसूटही चादरीइतका पातळ होतो. त्यामुळे तंग ड्रायसूट म्हणजे उबदार ड्रायसूट ही समजूत वेटसूटवरून (पाणी आत येणाऱ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या सूटवरून) आलेली आहे आणि चुकीची आहे. तुमच्या बाजूचा समुद्र, म्हणजे सेंट अ‍ॅब्स आणि आयमथ, हिवाळ्याअखेरीस 5 ते 7 अंशांवर असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 13-14 अंशांपर्यंत येतो. पाणी हवेपेक्षा जवळजवळ 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून इथे 13 अंश म्हणजे महाबळेश्वरची थंडी असं समजू नका. उन्हाळ्यासाठी मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा आतला थर आणि त्यावर 200 ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) फ्लीसचा एकसंध अंडरसूट पुरतो. फेब्रुवारी-मार्चसाठी जाड, 400 ग्रॅमच्या आसपासचा आणि त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. सुती काहीही आत नको, बनियनसुद्धा नाही आणि मोजेही नाहीत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि त्या ओलाव्यातून ऊब निघून जाते. सूट ट्राय करायला जाताना हा सगळ्यांत जाड हिवाळी संच अंगावर घालूनच जा. दुकानदाराला विचित्र वाटणार नाही, तो रोज तेच बघतो.

ट्रायलच्या वेळी आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. झिप लावा, सुटातली जादा हवा सील बोटाने उघडून उकिडवं बसून बाहेर काढा आणि मग हालचाली करा. पूर्ण उकिडवं बसा. एक पाय पायरीवर ठेवून गुडघा छातीकडे घ्या. दोन्ही हात वर, मग उजव्या हाताने डावा खांदा आणि डाव्याने उजवा, जणू स्वतःला मिठी मारता आहात. त्यानंतर सगळ्यांत आवश्यक : हात मागे नेऊन मानेमागे सिलिंडरचा व्हॉल्व्ह जिथे येतो तिथपर्यंत बोटं पोचतात का ते बघा. न पोचल्यास धड आखूड आहे किंवा काखेत कापड कमी आहे. दुसऱ्या कोणाला आसनाची जागा तपासू द्या. उभ्या असताना तळहात आडवा बसेल एवढी पोकळी चालते, त्याहून खाली लोंबलं तर नको. पोटरीवर मूठभर कापड चिमटीत येत असेल तर पाय लांब आहे.

तुमच्या बांध्याला आम्ही टेलिस्कोपिक धडाचा, म्हणजे कंबरेशी कापडाची घडी असलेला आणि जांघेतून पट्टा जाणारा सूट सुचवू. वाकताना घडी उघडते, एरवी पट्टा आसन वर धरतो. आत खांद्यावरून जाणारे सस्पेंडर असतील तर आणखी छान. झिप पुढून तिरकी असलेली घ्या. ती स्वतः लावता येते आणि पाठीवरून खांद्यांच्या रेषेत जाणाऱ्या झिपेसारखी खांद्याची हालचाल अडवत नाही. पायाला चिकटवलेल्या जाड बुटांपेक्षा निओप्रीनचे मोजे आणि त्यावर वेगळे लेसचे बूट तुम्हाला सोयीचे, कारण लहान पावलाला बूट स्वतंत्रपणे निवडता येतो आणि लेस आवळली की पाऊल निसटत नाही. फिनची जुनी जोडी मात्र बसणार नाही. नवी घेताना हे बूट घालून ट्राय करा.

तर मापाचा शिवायचा का? तुमच्या बाबतीत हो. तयार साइजमध्ये स्त्रियांचा ‘शॉर्ट’ कट बघायला हरकत नाही, तो काहींना नेमका बसतो. पण नितंबांचा घेर 106 आणि उंची 154 ही जोडी तक्त्यात क्वचितच एका ओळीत सापडते. यॉर्कशायरमधल्या सीस्किनसारख्या ब्रिटिश कंपन्या मापाचे ड्रायसूट करतात. एडिनबराहून यॉर्कशायर रेल्वेने गाठता येतं, तेव्हा शक्य असेल तर मापं त्यांच्याच हातून द्या. अंडरसूट सोबत न्यायला विसरू नका. जुना सूट स्वस्तात मिळत असेल तर हे लक्षात ठेवा : सील बदलता येतात, मोजे बदलता येतात, पाय कापून आखूडही करता येतो. झिप बदलणं महाग पडतं, आणि धडाची लांबी बदलणं व्यवहार्य नसतं. म्हणजे जुन्या सुटात आधी धड बघायचं, मग झिप, बाकीचं नंतर.

कंप्रेस्ड निओप्रीनचा ड्रायसूट हाही पर्याय आहे. तो थोडा ताणतो, त्यामुळे रुंद नितंबांवर सोपा जातो, आणि त्याला स्वतःची थोडी ऊब असते. पण जड असतो आणि एडिनबरासारख्या दमट हवेत वाळायला वेळ घेतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर याचा विचार करा.

डावं मनगट ओलं होण्याचं कारण बहुधा सुटात नसून मनगटातच आहे. मूठ घट्ट आवळली आणि मनगट वाकवलं की आतल्या बाजूच्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) उठतात, त्यांच्यामध्ये पन्हाळी तयार होतात आणि पाणी तिथून आत शिरतं. डाव्या हाताने तुम्ही हवा भरायच्या इन्फ्लेटरची नळी धरून ठेवत असणार. बारीक मनगटाच्या लोकांना हे जास्त होतं. सील मनगटाच्या हाडावर न ठेवता दोन-तीन बोटं कोपराकडे सरकवा, अंडरसूटची बाही किंवा अंगठ्याचा फास त्याखाली अडकलेला नाही ना बघा. केसाचा एक तंतू किंवा फ्लीसचा एक धागा सीलखाली आला तरी पाणी येतं. तरीही येत राहिलं तर गळती शोधायची सोपी रीत आहे. मनगटाच्या सीलमध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या खोचा, गळ्यात चेंडू बसवा, झिप लावा, इन्फ्लेटरने सूट फुगवा आणि साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे भोक. आणि एक भेद लक्षात असू द्या : पाठ, छाती सगळीकडे सारखं दमट असेल तर तो घाम आणि गार होऊन पाणी झालेली वाफ, एका रेषेत चिंब असेल तर गळती.

सेमीड्राय फेकू नका. त्यात पाणी फिरतं कारण नितंबांसाठी मोठी साइज घ्यावी लागली आणि कंबरेच्या मागच्या खोलगट भागात पोकळी राहिली. प्रत्येक हालचालीला ती पोकळी पंपासारखी दाबली जाते, कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. आत हूड (डोकं झाकणारी टोपी) जोडलेलं तीन ते पाच मिलिमीटरचं निओप्रीनचं जाकीट घाला. ते पोकळी भरतं आणि मानेतून येणारं पाणीही थांबवतं. एवढ्यावर सप्टेंबरच्या पाण्यात अर्ध्या तासाची एक उथळ डाइव्ह होईल. खोल नको. वीस मीटरवर दाब तिप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे आकसतात, सात मिलिमीटर नावापुरते उरतात. आणि छातीवर आवळणारा सूट कधीच घालू नका. घट्ट सूट, गार पाणी आणि श्रम एकत्र आले की काहींच्या फुप्फुसांत पाणी साचतं. पाण्यात विनाकारण धाप, खोकला किंवा फेसाळ थुंकी आली तर डाइव्ह तिथेच थांबवून, सावकाश वर येऊन पाण्याबाहेर पडायचं, ऑक्सिजन घ्यायचा आणि डॉक्टर गाठायचा.

हूड पाच ते सात मिलिमीटरचं घ्या. लांब केस असतील तर अंबाडा नको, त्याने हूड उचललं जातं. सैल वेणी घालून ती मानेपासून वर घ्या. पाण्यात गेल्यावर हूड क्षणभर ओढून कानांशी पाणी जाऊ द्या, नाहीतर कानाबाहेर हवा अडकून कान उतरताना दुखतो. केसांना खोबरेल लावून जात असाल तर ते डाइव्हच्या आदल्या दिवशी पूर्ण धुऊन टाका. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ चिकट होतं आणि फाटतं. सीलला लावायची पावडरही बिनवासाची, शुद्ध टाल्कच हवी.

लघवीची अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण बायका ती टाळण्यासाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणून लिहितो. शरीरात पाणी कमी असेल तर डीकम्प्रेशन आजाराचा (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो. पाणी प्या, सूट सगळ्यांत शेवटी चढवा, आणि मापाचा सूट करताना स्त्रियांसाठीच्या बाह्य जोडणीसाठी, लघवी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवून मिळेल का ते विचारा. नंतर बसवता येतो, पण तेव्हा सुटाला भोक पाडावं लागतं.

मंगळसूत्र लांब असेल तर ते सीलपासून दूर, सुटाच्या आत राहतं आणि गळती करत नाही. धोका घालता-काढताना आहे : तार किंवा वाटीची कड लेटेक्समध्ये अडकली की सील उभं चिरतं. मानेलगतचं आखूड मंगळसूत्र मात्र सीलखालीच येतं, ते चालणार नाही. घरी ठेवायचं नसेल तर काढून अंडरसूटच्या आतल्या झिपच्या खिशात ठेवा, अंगावरच राहील. काचेच्या बांगड्या अजिबात नको, फुटली तर सूट आणि हात दोन्ही कापतील. पाटल्या, अंगठ्याही काढून ठेवा.

नवा सूट आला की पहिली डाइव्ह तलावात. स्कॉटिश सब-अ‍ॅक्वा क्लबच्या शाखांची तरणतलावातली सत्रं असतात, तिथे चौकशी करा. ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेतलं नसेल तर तेही तिथूनच सुरू करा. तारकर्लीत लागलेल्या वजनांचा इथे उपयोग नाही. जाड अंडरसूटवर दहा किलोंच्या पुढे सहज लागतं, आणि गोड्या पाण्यातून समुद्रात गेलं की आणखी दोन-तीन किलो. वजनांची तपासणी सिलिंडरमधला दाब 50 बारपर्यंत उतरल्यावर करा, सुटातली जादा हवा काढून पाच मीटरवर स्थिर राहता येतं का ते बघून. कुठला अंडरसूट, कुठलं पाणी आणि किती किलो, हे प्रत्येक वेळी लॉगबुकात लिहा. चार-पाच डाइव्हनंतर तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.